प्रश्न विचारून गप्प बसायचं

माझी सून शाळेत शिकवते. तिच्याकडे दुसरीचा वर्ग आहे. गेल्या वर्षी तिला कायम करायचं की निरोप द्यायचा, हे ठरणार होतं. आणि ते बरंचसं एका गोष्टीवर अडून होतं: वर्गात प्रश्न विचारल्यावर तिला गप्प बसता येतं की नाही. कुणाला सांगायला गेले तर हसतील, म्हणून मी कुणाला सांगितलं नाही. इथे लिहून ठेवते.

आम्ही खडकीला दारूगोळ्याच्या कारखान्याच्या क्वार्टरमध्ये राहतो. आधी माझे मालक कारखान्यात होते, आता मुलगा आहे. भोंगा झाला की उठायचं, भोंगा झाला की डबा भरायचा, अशी क्वार्टरांच्या सगळ्या लाइनीचीच सवय. सून आली ती कर्वेनगरची. शिकलेली, बोलायला चटपटीत. लग्न ठरतानाच तिने सांगितलं होतं, मी शिकवणं सोडणार नाही. शाळा एका संस्थेची आहे. तिथे पहिली काही वर्षं तात्पुरती नेमणूक देतात, मग संस्थेची माणसं काम बघून ठरवतात. तिच्या आधीच्या एका बाईंना असंच वर्षाच्या शेवटी हार घालून घरी पाठवलं होतं. तो हार तिच्या डोळ्यांसमोरून जात नव्हता.

दिवाळीची सुट्टी संपली आणि संस्थेने एक ताई नेमल्या. त्या दर आठवड्याला वर्गात येऊन शेवटच्या बाकावर बसायच्या, तास संपेपर्यंत बघायच्या, आणि मधल्या सुट्टीत हिच्याशी बोलायच्या. पहिल्या दिवशी सून घरी आली ती चपला न काढताच स्वयंपाकघरापर्यंत आली.

"काय म्हणाल्या?" मी विचारलं.

"काही नाही."

माझा मुलगा आतून म्हणाला, "काही नाही म्हणजे बरंच झालंय."

"तुम्ही गप्प बसा हो जरा," ती म्हणाली. मग माझ्याकडे वळली. "आई, माझी मुलं इतकी छान उत्तरं देतात. सगळी एका सुरात. बाहेरून जाणारी माणसं थांबून ऐकतात. आणि ताई म्हणतात, मला त्यात एकाही मुलाचा आवाज ऐकू आला नाही."

मला ताईंचा रागच आला. चाळीसएक लेकरं ओरडतायत आणि या बाईला ऐकू येत नाही म्हणजे काय.

पुढच्या वेळी ताईंनी तिचा तास तिच्याच फोनवर चित्रित करून दिला आणि घरी जाऊन बघा म्हणाल्या. तिच्याने ते एकटीने बघवेना. दोन वेळा फोन हातात घेतला, दोन वेळा ठेवला. नवऱ्यासमोर नको म्हणाली, तो चिडवेल. शेवटी मी मटार सोलत बसले होते, तिथे येऊन मांडी घालून बसली आणि फोन डब्याला टेकवून उभा केला.

तास वजाबाकीचा होता. बावन्नातून सत्तावीस. फळ्यावर तिने मोठे आकडे काढले होते.

"दोनातून सात जातात का?"

"नाऽऽही!"

"मग शेजारी कुणाकडे जायचं?"

"पाचाऽऽकडे!"

"आणि पाचाकडून काय घ्यायचा? हा... हा..."

"हातचाऽऽ!"

"शाब्बास. कळलं का सगळ्यांना?"

"होऽऽ बाई!"

मटार सोलणारा माझा हात थांबला. आमच्या मांजरी गावच्या शाळेत गुरुजी असंच विचारायचे आणि आम्ही असंच ओरडायचो. अगदी असाच सूर, शेवटचं अक्षर लांबवून. चौथीपर्यंत मी रोज "होऽऽ गुरुजी" म्हटलं. पाचवीची शाळा लांब होती, मग ते ओरडणंही संपलं.

सून ओढणीचं टोक बोटाला गुंडाळत होती, सोडत होती. "ताई म्हणतात, मी पहिलं अक्षर टाकते आणि मुलं त्याला लोंबकळतात. आणि म्हणतात, प्रश्न माझा, उत्तरही माझंच. मध्ये जागाच नाही. प्रश्न विचारा आणि गप्प बसा."

"मग बस की."

"बसवत नाही ना! दोन क्षण कुणी बोललं नाही की मला वाटतं, झालं, आपल्याला शिकवताच येत नाही."

तिने तास पुन्हा लावला. त्या खेपेला मी मुलांकडे बघितलं. खिडकीपाशी एक दोन वेण्यांची मुलगी होती. सगळी ओरडायची तेव्हा तिचे ओठ हलायचे. पण जरा उशिरा. बाकीच्यांचं "हा" होऊन गेल्यावर तिचं तोंड उघडायचं, आणि त्यातून काही बाहेर पडत नव्हतं, हे तिच्या मानेवरूनच समजत होतं. मला ते लगेच ओळखू आलं कारण मी तेच करायचे. पण सुनेला मी काही बोलले नाही. सासूने शाळेतलं काय सांगायचं.

त्यानंतर आमच्या घरात सराव सुरू झाला. ताईंनी तिला सांगितलं होतं की आधी आकडे नकोत, काड्या द्या. दहादहाच्या जुड्या बांधा आणि काही सुट्या ठेवा. शाळेत साहित्य मिळायला वेळ लागला असता. मी जुना खराटा सोडला, त्याच्या काड्या सारख्या तोडल्या, आणि दुधाच्या पिशव्यांचे रबर लावून जुड्या बांधल्या. विद्यार्थिनी म्हणून घरात मीच होते.

ती माझ्यासमोर पाच जुड्या आणि दोन काड्या ठेवायची. "आई, यातून मला सत्तावीस द्या."

मी दोन जुड्या द्यायचे. मग सात सुट्या द्यायला जायचे, तर दोनच.

"आता काय करता येईल?" ती विचारायची. आणि लगेच, "हा... हा... म्हणजे पाचाकडून..."

"बोललीस बघ."

"बोलले का? हो. बोलले."

ताईंनी त्यावर तिला एक उपाय सांगितला. प्रश्न विचारायचा आणि पाण्याचा घोट तोंडात घेऊन धरून ठेवायचा. तोंडात पाणी असलं की बोलता येत नाही. तिने तो माझ्यावर करून बघितला. गाल फुगवून माझ्याकडे बघत बसली, भुवया वर. मला हसू आलं, मला बघून तिला आलं, आणि सगळं पाणी माझ्या पदरावर. मुलगा कारखान्यातून येऊन दारात उभा होता.

"घरात शाळा, लाइनीत शाळा. मी जेवायला कुठे जाऊ?" तो म्हणाला.

"हात धुवा आणि बसा. तुम्हाला पण बावन्नातून सत्तावीस देते," ती म्हणाली.

हळूहळू तिला घोट धरता यायला लागला. आणि मग माझी पंचाईत झाली. ती गप्प बसायची, माझ्याकडे बघायची, आणि मला काय करावं ते समजायचं नाही. आजवर कुणी माझ्या उत्तरासाठी असं थांबलं नव्हतं. कानशिलं गरम व्हायची. उठून गॅस बारीक करावा, दारात कोण आलं ते बघावं, असं काहीबाही सुचायचं. एकदा तर मी दूध उतू जातंय म्हणून उठले आणि दूध ठेवलेलंच नव्हतं. ती घोट धरून तशीच बसून राहिली. मी परत आले. जुड्या चाचपल्या. आणि एका जुडीचं रबर काढलं.

काड्या फरशीवर पसरल्या. आधीच्या दोन आणि या दहा. बाराच्या बारा माझ्यासमोर होत्या, आणि त्यातून सात उचलायला काहीच अडचण नव्हती.

आयुष्यभर मी वाण्याचा हिशेब केला, हातचा घेतला, पण तो घेतलेला एक म्हणजे दहा असतात हे मला त्या दिवशी दिसलं. मी सुनेला तसं म्हटलं. तिने पाणी गिळलं आणि म्हणाली, "आई, खरंच माहीत नव्हतं तुम्हाला?" आणि मग तिचा चेहरा उतरला. "म्हणजे माझ्या वर्गात किती जण 'हो बाई' म्हणत असतील..."

त्या दिवशी ती मऊ झालेली दिसली, म्हणून दुसऱ्या दिवशी भाकरी थापताना मी धीर केला. म्हटलं, "ती खिडकीपाशी बसते ना, दोन वेण्यांची. ती नुसती तोंड हलवते. तिला काय बी येत नाय."

घाबरले की माझी मांजरीची बोली वर येते.

तिने डब्याचं झाकण जोरात लावलं. "अहो आई, आता तुम्हीपण मागच्या बाकावर बसायला लागलात का? एक ताई पुरेत मला."

मी तव्यावरची भाकरी उलटली. पण तिने ते डोक्यात घेतलं होतं. त्याच दिवशी वर्गात तिने त्या मुलीला उभं केलं. प्रेमानेच केलं, "सांग बाळा, काय करता येईल," आणि ताईंनी सांगितलं तशी घोट धरून थांबली. सगळा वर्ग वळून मुलीकडे बघायला लागला. मुलगी आधी लाल झाली, मग बाकाखाली वाकली, आणि वर यायलाच तयार होईना. दुसऱ्या दिवशी तिची आई वर्गाच्या दारात. "बाई, काय केलंत तिला? पोटात दुखतं म्हणून सकाळपासून रडतीय. शाळेचं नाव काढू देत नाही."

हे सगळं सून संध्याकाळी नवऱ्याला सांगत होती, मला नाही. जेवताना वरण वाढलं तर "पुरे" एवढंच.  आपल्याला जे नको असायचं तेच मी त्या लेकराच्या वाट्याला आणलं. मला ती मुलगी ओळखू आली होती, पण ओळखून करायचं काय, ते कुठे माहीत होतं. मुलगी दोन दिवस आली नाही. माझ्याकडून ते दोन दिवस घरात काही जागेवर ठेवलं गेलं नाही. मिठाचा डबा फ्रिजमध्ये सापडला.

ताई आल्या तेव्हा सुनेने त्यांना सगळं सांगितलं. रागावतील असं तिला वाटत होतं. त्या रागावल्या नाहीत. म्हणाल्या, थांबायचं ते सगळ्यांसाठी, एकीला उभं करून नाही. आधी प्रत्येकाला शेजारच्याच्या कानात उत्तर सांगू दे. कानात सांगताना चुकलं तर एकालाच कळतं. मग ज्याला वाटेल त्याने शेजाऱ्याचं उत्तर सांगायचं, स्वतःचं नाही.

हे सांगायला सून स्वतःहून माझ्याकडे आली. काकडी कोचत होते मी. म्हणाली, "शेजाऱ्याचं सांगायचं म्हटलं की कुणाची जबाबदारीच राहत नाही, नाही का? चुकलं तर शेजाऱ्याचं." आणि मग खाली बघून, "तुम्ही सांगितलेलं खोटं नव्हतं, आई. मी घाई केली."

मुलगी आली. तिची शेजारीण एक तोंडाळ पोर होती, ती हिच्या वतीने बोलायला लागली. "बाई, ही म्हणते जुडी सोडायची." "बाई, ही म्हणते हे चूक आहे." वर्गात आवाज कमी झाला आणि गडबड वाढली, असं सून म्हणायची. बाहेरून जाणारे लोक आता थांबून ऐकत नव्हते. शेजारच्या वर्गातल्या बाईंनी विचारलंसुद्धा, "काय हो, तुमच्या वर्गाला शिस्त नाही राहिली?"

तेच भय होतं. कारण शेवटचा पाठ बघायला मोठ्या बाई येणार होत्या. त्या शाळेच्या मुख्याध्यापिका, आणि संस्थेला जे काही कळवायचं ते त्याच कळवणार होत्या. त्यांना खणखणीत वर्ग आवडायचा. त्या व्हरांड्यातून चालताना ज्या वर्गातून एक सूर येईल तिथे त्यांची मान डोलायची, हे शाळेत सगळ्यांना ठाऊक. सून दोन दिवस आधीपासून तळ्यात मळ्यात करत होती. "एकच दिवस जुनं केलं तर? हा-हा म्हटलं की मुलं म्हणतील हातचा. मोठ्या बाई खूश. नंतर आहेच की नवीन."

"आणि ताई?"

"ताई काय कायम करणार आहेत मला?"

मुलगा म्हणाला, "कर की मग जुनं. कशाला डोक्याला ताप."

ती त्याच्यावरच चिडली. "तुमच्या कारखान्यात साहेब आले की तुम्ही सुरुंग वेगळा भरता का?"

"आम्ही सुरुंग भरत नाही."

"काय भरता ते भरता!"

पाठाच्या दिवशी ती डबा न घेता गेली. मी मागून लाइनीच्या टोकापर्यंत गेले, तोवर बस निघून गेली होती. डबा हातात घेऊन परत आले. मग धुतलेली भांडी पुन्हा धुतली. पडदे काढले आणि भिजवले, आणि भिजवल्यावर आठवलं की दुसरे पडदे नाहीत. शेवटी घरात बसवेना म्हणून स्टेशनापर्यंत चालत गेले आणि फलाटावरच्या बाकावर बसून राहिले. माणसं चढत होती, उतरत होती. मला कुठेच जायचं नव्हतं. शाळेत आता काय चाललं असेल, ती बोलून गेली असेल का, हेच. परत आले तोवर सगळ्या लाइनीने आमच्या बिनपडद्याच्या खिडक्यांतून आत बघून घेतलं असणार.

ती आली ती भिंतीला पाठ लावून खालीच बसली.

"काय झालं?"

"थांबले," ती म्हणाली. "प्रश्न विचारला आणि थांबले. मोठ्या बाई मागे बसलेल्या, म्हणून एक पोर कानात पण बोलेना. सगळी चिडीचूप. पंख्याचा आवाज येत होता. मी घोट धरला. आई, मला वाटलं मी मरते आता. आणि मग मागून मोठ्या बाईच म्हणाल्या, 'अरे काय हे! हातचा घ्यायचा, नाही का?'"

"मोठ्या बाई?"

"त्यांनाच दम निघाला नाही! आणि पोरांनी लगेच सूर लावला, 'हातचा घ्याऽऽयचा'. सगळा पाठ गेला तिथे."

"मग?"

तिने तोंडावर हात ठेवला. "मग मी पाणी गिळलं आणि म्हणाले, 'मोठ्या बाईंचं उत्तर आलं. बरोबर आहे. आता दुसरीच्या मुलांचं ऐकू या.'"

मी तिच्याकडे बघतच राहिले. मला तर मोठ्या बाई समोरून आल्या तर रस्ता बदलावासा वाटतो.

"पोरं हसली. हसली आणि मग कानात कुजबुजायला लागली. पाठ झाला पुढे. जुड्या सोडल्या, बांधल्या. काहींचं चुकलं, त्यांचं त्यांनी शोधलं. ताई मागे खाली बघून लिहीत होत्या. पण मोठ्या बाई उठून गेल्या, आई. घंटेच्या आधीच. एक शब्द न बोलता."

मुलाने घरी आल्यावर ऐकलं आणि चहाचा कप खाली ठेवला. "म्हणजे तू त्यांना वर्गात, सगळ्यांसमोर, गप्प बसवलंस."

"बसवलं नाही. तुमचं झालं, एवढंच म्हटलं."

"पुण्यात त्यालाच गप्प बसवणं म्हणतात."

पुढचे दिवस कसे गेले ते मी लिहीत नाही, कारण काहीच घडलं नाही. फोन वाजला की ती दचकायची. मोठ्या बाई व्हरांड्यात भेटल्या की मान हलवून पुढे जायच्या. शाळेच्या कपाटातून तिने आपल्या जुड्या घरी आणून ठेवल्या, लागल्यास म्हणून.  तिने दुसऱ्या शाळांची चौकशी सुरू केली होती, ते मला तिच्या फोनवरच्या बोलण्यातून समजलं. त्यात ती म्हणत होती, "नाही हो, काढलं नाही अजून."

मग एका दुपारी मोठ्या बाईंनी तिला खोलीत बोलावलं. हे तिने घरी येऊन सांगितलं तसं लिहिते.

त्या म्हणाल्या, "बसा." ही बसली. त्या काही बोलेनात. ही पण बोलेना. बराच वेळ दोघी तशाच. मग मोठ्या बाई म्हणाल्या, "चांगलंच जमायला लागलंय की तुम्हाला. मला अजून जमत नाही. त्या दिवशी राग आला म्हणून नाही गेले मी उठून. पुन्हा तोंडातून काही निघेल म्हणून गेले." आणि म्हणाल्या, "तुम्हाला कायम करावं, असं मी संस्थेला कळवलं. त्यांनी मानलं. पण एक सांगून ठेवते, मी पुढच्या वेळी आले तर मला आधीच तोंडावर बोट ठेवायला सांगा. मुलांसमोर शिकवू नका मला."

"असं म्हणाल्या?"

"अगदी असं. हसल्या पण नाहीत."

मी साखरेची चिमूट तिच्या हातावर ठेवली. मुलाला फोन करावा म्हटलं तर ती नको म्हणाली, येईलच आता. तिला आनंद झाला होता, पण ती बसत नव्हती. स्वयंपाकघरात येत होती, बाहेर जात होती, ओढणी काढून पुन्हा घेत होती.

"आता काय राहिलं?" मी म्हटलं. "कायम झालीस ना?"

"झाले. पण मोठ्या बाई म्हणाल्या, आता बाकीच्या बाई माझ्या वर्गात येऊन बसणार. बघायला. एकेक करून. सगळ्यात आधी तिसरीच्या बाई, सोमवारी. त्या तर माझ्या दुप्पट वर्षं शिकवतायत. त्या मागे बसणार आणि मी पुढे गप्प!" तिने जुड्यांची पिशवी शोधून काढली आणि उद्या न्यायची म्हणून दाराशी ठेवली. "आणि तिसरंच कुणी त्यांच्या जागी आलं तर? आणि मुलं त्या दिवशी नेमकी बोललीच नाहीत तर?"

"नको वाटतंय का तुला?"

"नको पण वाटतंय," ती म्हणाली. "आणि सोमवार कधी येतोय, असं पण झालंय."

बाहेर कारखाना सुटल्याचा भोंगा झाला. ती दार उघडायला गेली, आणि मुलगा लाइनीच्या टोकालाही दिसत नव्हता तरी दारातच उभी राहिली.